लोशनचा पंप दाबला की नुसती हवा येते? फेकायच्या आधी खोलून बगा

हँडवॉशचा नाहीतर लोशनचा पंप अडकला की आपल्याकडं लोक टोपण काढून बाटली हातावर उपडी करतात आणि पंप जातो कचऱ्यात. कशाला ओ? बऱ्याचदा आतली एक गोळी चिकटलेली असते, बाकी पंप ठणठणीत.

वरनं खाली बघत जावा. दाबतो ते डोकं, त्यालाच चोच. खाली आट्याचं टोपण, त्याच्या आत पातळ वायसर, तो हरवला की बाटली आडवी झाली रे झाली गळणार. डोक्याला दांडी, दांडीला पिस्टन, मग स्प्रिंग, हे सगळं एका नळकांड्यात, त्याच्या बुडाला काचेची नाहीतर स्टीलची गोळी आणि शेवटी लांब नळी. काम बोअरच्या हातपंपासारखंच, दाबलं की गोळी खालचं भोक बंद करते म्हणून लोशन परत खाली न जाता दांडीतनं चोचीकडं येतं, सोडलं की स्प्रिंग पिस्टनला वर ढकलते, गोळी उचलते आणि नळीतनं नवीन माल वर चढतो. नवीन पंप सुरवातीला पाच-सहादा दाबायला लागतो तो यासाठीच, आधी आतली हवा निघायला पाहिजे.

आता दुरुस्ती. डोकं वरच येत नसेल तर ते लॉक असेल, एका हातानं टोपण घट्ट धरा आणि डोकं बाणाच्या दिशेला फिरवा, टोपण न धरता फिरवलं तर सगळंच गरगर फिरतं. दाबलं जातंय पण माल येत नाही? वाटीत कोमट पाणी घ्या, नळी त्यात बुडवा आणि पाणी चोचीतनं स्वच्छ येईपर्यंत दाबत राहा, वाळलेलं लोशन सुटतं आणि गोळी मोकळी होते. उकळतं पाणी नको हां, प्लास्टिक वाकडं होतंय. पाणी पण खेचत नसेल तर नळी नळकांड्यातनं निसटली काय बगा, दाबून बसवली की झालं.

बाटली आत चेपायला लागली तर हवा आत घ्यायचं बारीक भोक बुजलंय असं समजा, ते टोपणाखाली नळकांड्याच्या कडेला असतं, सुईनं साफ करा.

खोबरेल तेल पंपात भरत असाल तर एक लक्षात ठेवा, ते साधारण 24 डिग्रीखाली गोठायला लागतं आणि डिसेंबरात बेळगाव-खानापूरकडच्या सकाळी तर विचारूच नका. त्यात पंपाचा काय दोष? बाटली जरा उन्हात ठेवा.

दुसऱ्या बाटलीला पंप बसवताना नळी लांब झाली तर बुडाला टेकेल एवढी ठेवून टोक तिरकं कापा, सरळ कापलं की ते बुडाला चिकटून तोंड बंद होतं. बेळगावच्या खडेबाजारात सुटा पंप घ्यायला जाताना रिकामी बाटली पिशवीत न्याच. मापं 24/410, 28/410 अशी असतात, पहिला आकडा बाटलीच्या तोंडाचा बाहेरचा व्यास मिलिमीटरमध्ये आणि दुसरा आट्यांचा प्रकार, दोन्ही जुळले नाहीत तर टोपण धड बसत नाही.