सुवार्ता सांगताना या चुका टाळा

सुवार्तेत, म्हणजे ख्रिस्ताच्या शुभसंदेशात, भेसळ करणारा सहसा आपल्यातलाच असतो, तळमळीने सेवा करणारा असतो. तो संदेशातून काही काढत नाही, त्यात थोडं घालतो. गलतीयाच्या मंडळ्यांत हेच झालं. ख्रिस्ताला कुणी नाकारलं नव्हतं, फक्त त्याच्या जोडीला सुंताही हवी असं शिकवलं जात होतं. प्रेषित पौलाने त्या शिकवणीला वेगळीच सुवार्ता ठरवलं. स्वर्गातल्या दूतानेही तसं सांगितलं तर तो शापित असो, इथपर्यंत तो गेला.

शरणपूरपासून नाशिकरोडपर्यंतच्या घरगुती प्रार्थनासभांत आज सुंतेचा प्रश्न नाही, पण जोड देणं चालूच आहे. विश्वास ठेवा, कर्ज फिटेल. दशांश (उत्पन्नाचा दहावा भाग) द्या, दुप्पट मिळेल. सगळ्यात जास्त नुकसान इथेच होतं. सातपूरच्या कारखान्यात कंत्राटावर असलेला एखादा भाऊ उभा राहून साक्ष देतो, प्रार्थना केली आणि परमनंट झालो. साक्ष खरी, आनंदही खरा. मग उपदेश करणारा म्हणतो, "तुमचंही होईल, फक्त विश्वास कमी पडू देऊ नका." आणि डायलिसिस करून आलेल्या मावशी मान खाली घालतात. आजार होताच, आता वर दोषही त्यांच्याच माथी. पौलाने शरीरातला काटा जावा म्हणून तीनदा विनवणी केली. काटा राहिला, कृपा पुरेशी आहे असं उत्तर मिळालं (२ करिंथ १२). साक्ष अवश्य द्या, पण एकाला मिळालेलं सगळ्यांना मिळेलच असं देवाच्या नावाने सांगू नका.

शंका आली तर उपदेशातून वधस्तंभ आणि पुनरुत्थान वगळून पाहा. तरीही तो जसाच्या तसा उभा राहत असेल, तर तो चांगला सल्ला असेल, सुवार्ता नाही. गाभा १ करिंथ १५:३-४ मध्ये आहे: ख्रिस्त आपल्या पापांसाठी मरण पावला, पुरला गेला, तिसऱ्या दिवशी उठवला गेला.

दहावी-बारावीच्या परीक्षा आल्या की व्हॉट्सॲपवर यिर्मया २९:११ हे भविष्य आणि आशा देणारं वचन फिरू लागतं. ते बाबेलमधल्या यहुदी बंदिवानांना लिहिलेल्या पत्रातलं आहे, आणि आधीच्याच वचनात ७० वर्षांची मुदत आहे. ऐकणाऱ्यांपैकी कितीतरी जण यरुशलेम पुन्हा न पाहताच जाणार होते. त्यांनाही देव आशा देत होता, हे कळलं की वचन अधिक खोल उतरतं. फॉरवर्ड करण्याआधी निदान तो अध्याय वाचा.

शेजाऱ्याच्या श्रद्धेची टिंगल म्हणजे सुवार्ता नव्हे. गोदाकाठी राहणाऱ्यांनी हे विशेष जपावं. अथेन्समध्ये पौलाने त्यांच्याच कवींचा आधार घेतला, आणि पश्चात्ताप व पुनरुत्थानाबद्दल मात्र स्पष्ट बोलला.

काही जण शुद्धतेच्या नावाखाली टाळ-मृदंगालाही घाबरतात. रेव्हरंड ना. वा. टिळकांनी ख्रिस्तावर अभंग रचले, कीर्तनं केली, संदेश तोच राहिला. बाप्तिस्म्याची घाईही नको. टिळकांचा बाप्तिस्मा १८९५ चा. त्यांच्या पत्नी, नाशिकजवळच्या जलालपूरच्या लक्ष्मीबाईंनी मात्र १९०० साली, स्वतःला पटल्यावरच घेतला. घरच्यांच्या दबावाखाली कुणाला पाण्यात उतरवू नका.

पाळकांच्या शिकवणीत काही खटकलं, तर ग्रुपवर टाकू नका. उपासनेनंतर पवित्र शास्त्र उघडून नम्रपणे विचारा, "पाळकसाहेब, हे कुठल्या अध्यायात आहे?" बिरुया शहरातले लोक पौलाचं बोलणंही रोज शास्त्रात पडताळून पाहत होते, आणि प्रेषितांची कृत्ये त्यांचं कौतुकच करतं.