पीसीओएस: सुरुवात पाळीच्या तारखांपासून करावी

सोनोग्राफीच्या रिपोर्टवर ‘पॉलिसिस्टिक ओव्हरीज’ हे शब्द दिसले की मुलीच्या पोटात गाठी झाल्या, असे समजून आई धास्तावते. वास्तविक त्या गाठी नव्हेत. स्त्रीबीज ज्यांत वाढते त्या बारीक पिशव्या पूर्ण पक्व न होता अंडाशयातच थांबलेल्या असतात. केवळ त्यावरून पीसीओएसचे, म्हणजे पाळी आणि संप्रेरके (हार्मोन्स) बिघडवणाऱ्या ‘पॉलिसिस्टिक ओव्हरी सिंड्रोम’चे, निदान होत नाही. अनियमित पाळी, पुरुषी संप्रेरकांचे वाढलेले प्रमाण आणि सोनोग्राफीतील हे चित्र, यांपैकी किमान दोन गोष्टी आढळाव्या लागतात आणि थायरॉइड, प्रोलॅक्टिन (अंगावरचे दूध तयार करणारे संप्रेरक) यांच्या तपासण्या करून इतर कारणेही वगळावी लागतात. पहिली पाळी येऊन आठ वर्षे झालेली नसतील, तर निदानासाठी सोनोग्राफीचा आधार घेऊ नये, कारण त्या वयात निरोगी मुलींमध्येही असे चित्र सर्रास दिसते.

म्हणून आधी भिंतीवरच्या कॅलेंडरवर पाळीच्या पहिल्या दिवसाभोवती गोल करावा आणि अशी सहा महिन्यांची नोंद डॉक्टरांना दाखवावी. प्रौढ स्त्रीच्या दोन पाळ्यांत साधारण 21 ते 35 दिवसांचे अंतर असते. पाळी आली नाही की अनेकींना सुटल्यासारखे वाटते, पण ही बाब मला सर्वांत काळजीची वाटते: स्त्रीबीज बाहेर न पडता महिनोन्‌महिने गेले, तर गर्भाशयाचे अस्तर जाड होत जाते आणि पुढे कर्करोगाचा धोका वाढतो. तेव्हा 90 दिवस उलटण्याची वाट न पाहता, गर्भधारणा नसल्याची खात्री करून, स्त्रीरोगतज्ज्ञांकडे जावे.

मानेवरचा काळपट, मखमली थर मळ समजून बेसन-लिंबाने घासला जातो. तो मळ नसून बहुधा शरीर इन्सुलिनला नीट दाद देत नसल्याची खूण असते. रक्तात वाढलेले इन्सुलिन अंडाशयाला अधिक पुरुषी संप्रेरके तयार करायला लावते, त्यातूनच हनुवटीवरचे केस आणि मुरुमे वाढतात. शरीर साखर कशी हाताळते हे पाहण्यासाठी 75 ग्रॅम ग्लुकोज पिऊन दोन तासांनी केलेली तपासणी उपाशीपोटीच्या साखरेपेक्षा अधिक सांगून जाते.

कोणताही एकच आहार सर्वश्रेष्ठ ठरलेला नाही. नाशिककर मुलीला रविवारची मिसळ सोडायला सांगणे मला पटत नाही. मटकीची उसळ भरपूर घ्यावी, दुसरा पाव आणि जिलेबी टाळावी, आणि पेठ-सुरगाण्याकडची नागलीची (नाचणीची) भाकरी घरच्या जेवणात आणावी. गोदाकाठी किंवा कृषिनगरच्या जॉगिंग ट्रॅकवर आठवड्याला किमान 150 मिनिटे भरभर चालावे. वजन जास्त असल्यास 70 किलोंमधले साडेतीन किलो उतरले तरी पाळीत फरक पडू शकतो. मात्र सडपातळ मुलींनाही हा त्रास होतो, त्यांना वजनावरून बोल लावू नयेत.

पाळी नियमित करण्यासाठी संप्रेरकांच्या गोळ्या, शरीराने इन्सुलिनला नीट दाद द्यावी यासाठी मेटफॉर्मिन हे औषध, असे उपचार डॉक्टरांच्या सल्ल्यानेच घ्यावेत. ‘लग्न झाले की बरे होईल’ हा सल्ला निराधार आहे, आणि ‘मूल होणारच नाही’ हेही तितकेच चुकीचे आहे. मूल हवे असेल, तर स्त्रीबीज बाहेर पडण्यासाठी सहसा प्रथम लेट्रोझोल हे औषध दिले जाते, आणि त्याआधी पतीच्या वीर्याची तपासणीही करून घ्यावी.