सिम्युलेशनच्या ट्रेनिंगला लॅपटॉप घेऊन येताय? इन्स्टॉल आणि लायसन्सच्या या चुका टाळा

कोल्हापुरात फाउंड्री आणि मशीन शॉप एवढी आहेत की एफईए (भागावरचा ताण), सीएफडी (द्रव-वायूचा प्रवाह), कास्टिंग अशा कॉम्प्युटरवरच्या सिम्युलेशनची ट्रेनिंगं आता कॉलेजांपुरती राहिली नाहीत, शिरोली, गोकुळ शिरगावातल्या कंपन्यांतपण होतात, आणि पहिल्या दिवशी सकाळी सगळीकडं एकच सीन. सर प्रोजेक्टर लावून तयार आणि पोरांच्या लॅपटॉपवर लायसन्सचा एरर. "सर, काल तर उघडत होतं की!" उघडत असेल की, पण उघडणं वेगळं आणि लायसन्स मिळणं वेगळं. अ‍ॅन्सिस या सिम्युलेशन सॉफ्टवेअरची वर्कबेंच नावाची मुख्य विंडो लायसन्स नसताना पण मस्त उघडते, मॉडेल किंवा सॉल्व्हर (गणित सोडवणारा भाग) चालू करायला गेलं की मग ते लायसन्स शोधायला लागतं. म्हणून आदल्या दिवशी नुसता आयकॉन बघून खूश होऊ नका. एका टोकाला पक्का धरलेला साधा कॅन्टिलिव्हर बीम घ्या, मेश करा म्हणजे त्याचे बारीक तुकडे पाडा, लोड द्या, सॉल्व्ह करा, आणि रिझल्टचा रंगीत प्लॉट दिसला तरच जोडणी झाली म्हणा.

आता सगळ्यात कॉमन चूक, सिनियरच्या पेनड्राइव्हवरचा सेटअप. हॉस्टेलच्या वायफायवर एवढी मोठी फाइल कोण डाउनलोड करणार, म्हणून पोरं गेल्या वर्षीची कॉपी घेतात. पण अ‍ॅन्सिसच्या फुकट स्टुडंट व्हर्जनचं लायसन्स आतच असतं आणि त्याला मुदत असते. मुदत संपली की नवीन व्हर्जन उतरवायचं, दुसरा उपाय नाही. जुना सेटअप एकदम नीट इन्स्टॉल होतो आणि शेवटी लायसन्स एक्स्पायर म्हणून सांगतो. मग कुणीतरी शहाणा सांगतो, "तारीख मागं घे रे लॅपटॉपची." अजिबात करू नका. फ्लेक्सनेट नावाचा जो लायसन्स मॅनेजर यातली बरीच सॉफ्टवेअरं वापरतात त्याला घड्याळ मागं नेलेलं कळतं, मायनस 88 नंबरचा एरर येतो आणि पुढं तारीख सरळ केली तरी कधीकधी तो जात नाही, कारण पुढच्या तारखेच्या फाइली डिस्कवर पडलेल्या असतात.

स्टुडंट व्हर्जनबद्दल अजून दोन गोष्टी. एक म्हणजे त्याला मर्यादा असते, अ‍ॅन्सिसच्या अलीकडच्या व्हर्जनमध्ये स्ट्रक्चरलला 1 लाख 28 हजार नोड किंवा एलिमेंट (मेशचे बिंदू किंवा तुकडे) आणि फ्लुइडला 10 लाख सेल, त्यामुळं मेश बारीक केला की सॉल्व्ह अडकतो आणि लोक म्हणतात इन्स्टॉल बिघडलं. बिघडलं काही नसतं, मेश जाड करा. आणि दुसरं, कंपनीचं गिऱ्हाइकाचं काम त्यावर करायचं नसतं, मालकांनी कितीही म्हटलं तरी.

कॉलेज किंवा कंपनीचं सर्व्हरवालं, म्हणजे एका मशीनवरून सगळ्यांना वाटलं जाणारं, लायसन्स असेल तर खरी मजा तिथं आहे, म्हणून जरा सविस्तर सांगतो. लायसन्स फाइल ज्या मशीनवर चालवायची, मग तो सर्व्हर असो किंवा एकट्याचं लायसन्स असेल तर तुमचा लॅपटॉप, त्या मशीनच्या होस्ट आयडीला म्हणजे ओळख नंबराला बांधलेली असते, आणि तो बहुतेक वेळा मॅक अ‍ॅड्रेस असतो. म्हणजे नेटवर्क कार्डाचा पत्ता. लॅपटॉपला वायफायचा वेगळा, केबलचा वेगळा, यूएसबी डॉक लावला तर त्याचा अजून वेगळा. डॉक लावून आयडी काढायचा, फाइल मागवायची आणि डॉक घरी ठेवून यायचं, मग मायनस 9, म्हणजे इनव्हॅलिड होस्ट, येणारच. त्यात विंडोजमध्ये रँडम हार्डवेअर अ‍ॅड्रेस नावाचं एक सेटिंग असतं, ते चालू असेल तर वायफायचा पत्ताच बदलत राहतो. आयडी काढायच्या आधी ते बंद करा. फाइलमध्ये सर्व्हरचं नाव आणि पोर्ट (कनेक्शनच्या दाराचा नंबर) बदलता येतो, होस्ट आयडीला हात लावला की फाइल बाद. आणि नोटपॅडमध्ये उघडून सेव्ह करताना डॉट एलआयसीच्या मागं डॉट टीएक्सटी चिकटतं, एक्स्टेन्शन लपलेलं असल्यानं दिसत पण नाही, ते बघून घ्या.

एरर आला की आधी नंबर वाचा. मायनस 15 म्हणजे सर्व्हरपर्यंत पोचतच नाही, तिथं इन्स्टॉल परत करून काय उपयोग? नेटवर्क, व्हीपीएन (बाहेरून कॉलेज-कंपनीच्या नेटवर्कला जोडणारं), फायरवॉल बघा. अ‍ॅन्सिसचा पोर्ट साधारण 1055 असतो, पण व्हेंडर डेमनला, म्हणजे सर्व्हरवर लायसन्स वाटणाऱ्या प्रोग्रामला, वेगळा पोर्ट लागतो आणि तो फाइलमध्ये ठरवून दिला नाही तर दरवेळी बदलतो, त्यामुळं आयटीवाल्यांनी एकच पोर्ट उघडला तरी अडतं. मायनस 4 म्हणजे सगळ्या सीट (एकावेळी वापरायच्या जागा) भरल्या, कुणीतरी काल उघडं ठेवून घरी गेलंय. मायनस 5 किंवा 18 म्हणजे तुम्ही मागताय ते फीचर त्या सर्व्हरवर नाहीच. पूर्वी दुसऱ्या सर्व्हरचं लायसन्स वापरलं असेल तर विंडोजच्या एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल नावाच्या सेटिंगमध्ये त्याचा जुना पत्ता राहतो आणि सॉफ्टवेअर आधी तिकडंच शोधत बसतं, तो काढून टाका. ट्रेनिंग हॉलच्या गेस्ट वायफायवर व्हीपीएन बंद असेल तर मोबाइलचा हॉटस्पॉट लावून बघा.

काही लोकांचं विंडोजचं युजरनेम मराठीत असतं. अभिमान चांगला आहे पण टेम्प फोल्डरचा रस्ता त्याच नावातून जातो आणि सॉल्व्हर गडबडतो. नाव नंतर बदललं तरी फोल्डरचं तेच राहतं, म्हणून इंग्रजी अक्षरात नवीन युजर काढा. सेटअपची झिप डेस्कटॉपवरच्या फोल्डरातल्या फोल्डरात उलगडू नका, रस्ता 260 अक्षरांच्या पुढं गेला की काही फाइली गुपचूप राहून जातात. सरळ सी ड्राइव्हवर छोट्या नावाचा फोल्डर करा. प्रोजेक्ट वनड्राइव्हमध्ये ठेवू नका, तो सिंक करताना फाइल पकडून बसतो.

सरांचं व्हर्जन कुठलं ते आधी विचारा. नव्यात सेव्ह केलेली फाइल जुन्यात उघडत नाही. मॅकबुकवाल्यांनी तर आधी सरांना फोनच करावा, यातली बरीच सॉफ्टवेअरं मॅकवर सरळ चालत नाहीत. सॉलिडवर्क्स या डिझाइनच्या सॉफ्टवेअरचं लायसन्स असेल आणि लॅपटॉप फॉरमॅट करायचा असेल तर आधी डीअ‍ॅक्टिव्हेट करा, नाहीतर ते त्या जुन्या इन्स्टॉलवर अडकून राहतं. क्रॅक म्हणजे चोरीच्या कॉपीबद्दल काय बोलू, अँटिव्हायरस बंद करा म्हणून जो सेटअप स्वतः सांगतो त्याच्यावर बँकेचं अ‍ॅप असलेला लॅपटॉप कोण सोडतं?

आणि मदत मागताना "सर चालेना झालंय" एवढंच पाठवू नका. एररची पूर्ण विंडो, सॉफ्टवेअरचं व्हर्जन, लायसन्स स्टुडंटचं की सर्व्हरचं, आणि कुठल्या नेटवर्कवर आहात, एवढं एका मेसेजमध्ये द्या. मोबाइलनं स्क्रीनचा तिरका फोटो काढून नंबर कापला गेला असेल तर परत काढा.