कन्नड फाईलमधल्या चौकटी

खानापूरहून मामा पेन ड्राइव्ह घेऊन आले. ‘बघ रे, जमिनीच्या अर्जाची फाईल. बहुतेक गेली.’ माझ्या लिनक्स लॅपटॉपवर नुसत्या चौकटी दिसत होत्या. पण डोळे बारीक करून पाहिलं, तर प्रत्येक चौकटीत इवलासा कोड: ०सी९५, ०सी९७... युनिकोडमध्ये, म्हणजे प्रत्येक अक्षराला ठरावीक क्रमांक देणाऱ्या पद्धतीत, कन्नडचा पट्टा ०सी८० पासून सुरू होतो, देवनागरीचा ०९०० पासून. म्हणजे मजकूर शाबूत, नव्हता तो फॉन्ट. बेळगावात राहून लॅपटॉपवर कन्नड फॉन्ट नाही, लाजच वाटली! नोटो सॅन्स कन्नड उतरवून फॉन्टच्या फोल्डरात टाकला, फॉन्ट-कॅशे, म्हणजे लॅपटॉपनं जपलेली फॉन्टची यादी, ताजी केली, प्रोग्राम बंद करून पुन्हा उघडला. अक्षरं आली. वाचायला मात्र शेजारच्या काकूंना बोलवावं लागलं. आम्ही दोघं कन्नड फक्त बोलतो.