ड्रॅग की सर्किट: ड्रायव्हरचं खरं काम कुठे असतं आणि सराव कसा करायचा

ड्रॅग म्हणजे दोन गाड्यांची सरळ पट्ट्यावरची छोटी शर्यत, सर्किट म्हणजे वळणांच्या ट्रॅकवर लॅप मारणं. ड्रॅगबद्दल "सरळच तर जायचंय, त्यात काय एवढं" असं सर्किटवाले हमखास बोलतात. माझ्या मते सर्किटला जास्त गोष्टी शिकाव्या लागतात हे खरं, पण ड्रॅगमध्ये सुरुवात चुकली की भरून काढायला पुढचा कॉर्नरच नसतो.

आधी ड्रॅग. क्वार्टर माइल म्हणजे ४०२ मीटर, बऱ्यापैकी जोरदार गाडी असेल तर १२-१३ सेकंदांत खेळ खल्लास. बर्नआउट (गाडी जवळपास जागेवर ठेवून चाकं फिरवणं) करायचा तो टायर गरम होऊन पकड यावी म्हणून, धुराचे फोटो मिळावेत म्हणून नाही. मग इंच इंच पुढे सरकत प्री-स्टेजचा दिवा (स्टार्ट लाइन जवळ आली), नंतर स्टेजचा (गाडी लाइनवर आली), आणि तो लागला की तिथेच थांबायचं, दर वेळी अगदी त्याच जागी, कारण थोडं पुढे घुसलात की रिॲक्शन टाइम (हिरवा दिवा लागल्यापासून गाडी हलेपर्यंतचा वेळ) सुधारल्यासारखा दिसतो पण ईटी (गाडी हलल्यापासून फिनिशपर्यंतचा वेळ) बिघडते आणि रेड लाइटची, म्हणजे हिरव्याआधीच सुटून बाद होण्याची, भीती वाढते ती वेगळीच.

ट्री म्हणजे स्टार्टच्या दिव्यांचा खांब. स्पोर्ट्समन ट्रीवर तीन पिवळे दिवे अर्ध्या अर्ध्या सेकंदाने लागतात, मग हिरवा. हिरवा बघून क्लच सोडलात तर गेलात, शेवटचा पिवळा दिसला की सुटायचं. प्रो ट्रीवर तिन्ही पिवळे एकदम आणि ०.४ सेकंदाने हिरवा, तिथे विचार करायला वेळच नाही.

आता गंमत बघा, ईटीचं घड्याळ तुमची गाडी हलल्यावर सुरू होतं, दिवा लागल्यावर नाही. समजा तुमचा रिॲक्शन ०.०५ आणि ईटी १२.३०, समोरच्याचा ०.२० आणि १२.२०. त्याची गाडी फास्ट, पण बेरीज तुमची १२.३५ आणि त्याची १२.४०, म्हणजे जिंकलात तुम्ही! ह्यालाच होलशॉट म्हणतात.

आणि चाकं फिरायला लागली तर? पाय पूर्ण काढू नका, किंचित सैल करून पकड आली की परत दाबा. टॉप फ्युएलवाले (ड्रॅगमधल्या सगळ्यात वेगवान गाड्यांचे ड्रायव्हर) १००० फुटांत ५३० किमी प्रतितासच्या वर जातात, तेसुद्धा गरज पडली की हेच पेडलिंग करतात.

सराव करताना टाइम स्लिप (प्रत्येक रननंतर मिळणारी वेळांची चिठ्ठी) नीट वाचा. शेवटचा स्पीड चांगला पण ६० फुटांचा टाइम खराब असेल तर इंजिनला दोष देऊ नका, लाँचच, म्हणजे सुरुवातीची उडीच, गंडलाय. एका रनमध्ये एकच गोष्ट बदला, लाँचचा आरपीएम नाहीतर टायरचं प्रेशर, दोन्ही बदललं तर फरक कशाने पडला ते कळत नाही.

सर्किटला सगळं ब्रेकवर येऊन थांबतं. सरळ असताना ब्रेक जोरात दाबायचा आणि स्टीअरिंग जसजसं वळेल तसतसा हळूहळू सोडायचा, कारण टायरकडे पकड ठरावीकच असते, ती ब्रेकला दिली की वळायला कमी उरते. नवीन लोक एपेक्सलाच (वळणाच्या आतल्या कडेला गाडी सगळ्यात जवळ येते ती जागा) बघत बसतात, नजर तिथून बाहेर पडायच्या जागेवर हवी. सुरुवातीला ब्रेकिंग पॉइंट मुद्दाम लवकर ठेवा, लागोपाठ लॅप जवळपास सारखे यायला लागले की थोडा थोडा पुढे सरकवा.

ड्रॅगवरून सर्किटला आलेले लोक कॉर्नरमधून निघताना स्टीअरिंग वळलेलं असतानाच फुल थ्रॉटल देतात आणि मागच्या चाकांची पकड सुटते. ती सवय पहिल्या सेशनलाच मोडा. आणि हे सगळं फक्त बंद ट्रॅकवर, हेल्मेट घालून, रस्त्यावर अजिबात नको.