तानपुऱ्याचा खरज: तार निवडणे आणि ताब्यात आणणे

तानपुऱ्यात सगळ्यात जास्त छळतो तो खरज, म्हणजे खालच्या षड्जाची जाड तार. जोड (मधल्या षड्जाच्या दोन तारा) स्वच्छ बोलतात, पंचम लागतो, खरज मात्र एकतर फडफडतो नाहीतर तोंड दाबल्यासारखा घुमतो. मग घोडीवर (तारा जिच्यावर टेकतात ती) तारेखाली घातलेला दोरा पुढे-मागे सरकवण्यात तास जातो. दोऱ्याचा दोष क्वचितच असतो. आधी तारेची जाडी आणि बैठक पाहा, दोऱ्याला हात सर्वांत शेवटी लावा.

जाडी

खरज जोडाच्या एक सप्तक खाली वाजतो, पण दोघांची लांबी एकच. ताणही सारखा ठेवायचा तर पितळी खरज पोलादी जोडाच्या सुमारे १.९ पट जाड लागतो. जोड ०.३२ मिमी असेल तर खरज ०.६० ते ०.६२. मेरूपासून (खुंट्यांकडचा तारांचा आधार) घोडीपर्यंत १०० सेंमी अंतर आणि काळी एकचा (हार्मोनियमच्या पहिल्या काळ्या सुराचा) षड्ज असेल, तर या जाडीला दोन्ही तारांवर साधारण पाच किलो ताण येतो. ८५ सेंमीच्या तानपुऱ्यावर काळी चारला ०.४५ ते ०.५० पुरते.

पट्टी अर्ध्या स्वराने चढवली की त्याच तारेवरचा ताण १२ टक्क्यांनी वाढतो. ताण तेवढाच राखायचा तर तार ६ टक्के बारीक घ्या. काळी एकवरून काळी दोनवर कायमचे जायचे असेल तर ०.६२ च्या जागी ०.५५ चढवा. गेजचे आकडे (तारेच्या जाडीचे क्रमांक) वेगवेगळ्या पद्धतींत वेगळे असतात, म्हणून खरेदी मिलिमीटरमध्ये करा, शक्य असल्यास मायक्रोमीटरने मोजून.

चूक कानाला कळते. बारीक तार छेडल्याक्षणी वर चढते आणि मग खाली बसते, कारण सैल तारेचा ताण प्रत्येक आघाताला बराच बदलतो; घोडीवर ती आपटतेही. जाड तार ताठ असते. तिचे वरचे स्वर नेमक्या जागी पडत नाहीत, म्हणून ती घुमते पण खुलत नाही.

बैठक

पितळ मऊ असते. वेटोळे उलगडताना एकदा मुरड पडली की ती ओढून सरळ दिसेल, पण सूर खोटाच राहील; ती तार टाकून द्या. वेटोळे हातात फिरवत उलगडा, टोक धरून खेचू नका. लंगोटाकडच्या (तळाशी तारा अडकवतात तिथल्या) फासाला पाच-सहा घट्ट पीळ द्या, मणी ओवा, खुंटीवर तीन-चार वेढे शेजारी शेजारी बसवा. खुंटी फिरवताना आत दाबत राहा. घसरत असेल तर खडूची पूड लावा.

मेरूची खाच नक्की तपासा. जाड तार अरुंद खाचेत अडकते, खुंटी पिळली तरी सूर हलत नाही आणि मग टक्कन उडी मारतो. खाचेत शिसपेन्सिल घासा; तरीही अडकत असेल तर खाच रुंद करून घ्या. खाच फार रुंद असेल तर तार आडवी हलून कुरकुरते, आणि ती कुरकुर जवारीची (घोडीच्या माथ्याच्या उताराची) समजली जाते.

नवी तार दोन-तीन दिवस उतरत राहते. मधोमध बोटाने हलके उचलून पुन्हा सुरात आणा, असे काही वेळा करा. सुराच्या वर ताणून ठेवू नका. मणी घोडी आणि लंगोट यांच्या मध्यावर असावा, म्हणजे दोन्हीकडे वाव राहतो: लंगोटाकडे सरकवला की सूर चढतो, घोडीकडे आणला की उतरतो.

दोरा

खरज दोऱ्याशिवाय जोडाशी मिळवून घ्या. मग सुती दोरा घोडीच्या मागच्या कडेला तारेखाली घाला आणि केसाएवढा पुढे सरकवत छेडत राहा. नखाने नव्हे, तर्जनीच्या मांसल भागाने, हळुवार. एका जागी आवाज रुंद होतो, आणि तार विझत असताना तिच्यातून गांधार आपोआप वर येतो. हा खरजाचा पाचवा स्वरांश. तो स्पष्ट आला की थांबा. आणखी पुढे गेलात तर तार नुसत्या दोऱ्यावर टेकते आणि आवाज कोरडा, आखूड पडतो. दोऱ्याने सूर किंचित हलतो, म्हणून मण्याने पुन्हा मिळवा.

कुठेच खुलत नसेल तर किंचित जाड दोरा घालून पाहा. तरीही नाही, तर घोडीवर बाजूने उजेड टाका. तारेखाली चर दिसला तर तार त्यात रुतते आहे आणि दोऱ्याचा इलाज संपला. जवारी पुन्हा काढून घ्यावी लागेल. स्वतः कानस चालवू नका. या उताराला मिलिमीटरचा अगदी छोटा अंशही मोठा असतो, आणि खरज सुधारता सुधारता जोड बिघडतात.

फक्त एकाच सुरावर खरखर होत असेल तर घोडी सोडा. मण्यावर, लंगोटावर, खुंटीबाहेर उरलेल्या तारेच्या टोकावर एकेक करून बोट ठेवत छेडा. जिथे आवाज थांबेल तिथेच काहीतरी सैल आहे.