बोर्ड आणि पॉवर सप्लाय आधी, ग्राफिक्स कार्ड नंतर

बारावीची परीक्षा संपली आणि भाचा गेमिंग पीसीची यादी घेऊन माझ्याकडे आला. जवळजवळ सगळा पैसा ग्राफिक्स कार्डात, आणि पॉवर सप्लायपुढे लिहिलेलं, 'कुठलाही चालेल'. मी यादी उलटी करायला लावली. प्रोसेसर आणि कार्ड तीन-चार वर्षांत बदलायचंच असतं. बोर्ड (म्हणजे मदरबोर्ड, ज्यावर बाकीचे भाग बसतात), सप्लाय आणि कॅबिनेट मात्र टिकले पाहिजेत.

माझा पीसी 2019 चा. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून बी450 बोर्ड, एएमडीचा रायझन 5 2600 प्रोसेसर आणि 8 जीबीच्या दोन रॅम आणल्या, कार्ड जुनं आरएक्स 570. सप्लाय मात्र गरज नसताना 650 वॅटचा, चांगला घेतला. कारण त्याआधीच्या पीसीत कॅबिनेटसोबत फुकट आलेला सप्लाय जळाला आणि बोर्डही घेऊन गेला. पुढे त्याच सप्लायवर आरटीएक्स 3060 कार्ड चढलं आणि त्याच बोर्डावर नवा 5700एक्स3डी प्रोसेसर. नवं काहीच लागलं नाही.

हे जमलं ते एएम4 सॉकेटमुळे. सॉकेट म्हणजे बोर्डावर प्रोसेसर बसतो ती जागा, आणि या एकाच जागेत जुना आणि नवा दोन्ही बसले. आज नव्याने जोडत असाल तर एएम5 घ्या. 2022 मध्ये आलेल्या या सॉकेटवर रायझनच्या 7000 आणि 9000 दोन्ही मालिका बसतात. बी650 बोर्ड पुरे, पण एम.2 चे (एसएसडी बसवायचे) दोन स्लॉट आणि बायोस फ्लॅशबॅकचं बटण आहे ना, ते बघा. त्या बटणामुळे प्रोसेसर न लावताही पेन ड्राइव्हवरून बायोस, म्हणजे प्रोसेसर ओळखणारं बोर्डातलं सॉफ्टवेअर, अपडेट होतो. रॅम 16 जीबीच्या दोन स्टिक एकदमच घ्या. एएम5 ला लागणाऱ्या डीडीआर5 रॅममध्ये चारही स्लॉट भरले की वेग बहुधा खाली आणावा लागतो, त्यामुळे 'दोन आत्ता, दोन नंतर' हा हिशोब इथे चालत नाही. कॅबिनेट घेताना कार्डासाठी किती मिलिमीटर जागा आहे ते वाचा, नवी कार्डं लांब असतात.

आता प्रोसेसर बदलण्याबद्दल, कारण इथे मी चुकले होते. आधी जुना प्रोसेसर असतानाच बायोस अपडेट करा, आणि पीसी यूपीएसवर असू द्या. अपडेट चालू असताना लाइट गेली तर बोर्ड हातचा जाऊ शकतो. मग दहा मिनिटं एखादा जड गेम चालवा, म्हणजे थर्मल पेस्ट (प्रोसेसर आणि कूलरच्या मधला लेप) मऊ पडते. पीसी बंद करा, प्लग काढा, कूलरचे स्क्रू सोडवा आणि कूलर डावी-उजवीकडे हलकेच फिरवा. सुटल्यासारखा वाटला की मगच वर उचला. मी थंड कूलर सरळ ओढला. वाळलेल्या पेस्टला चिकटून 2600 सॉकेटमधून उपटून आला, कोपऱ्यातल्या चार पिना वाकल्या. जुन्या एटीएम कार्डाची कड ओळींमधून फिरवत अर्धा तास एकेक पिन सरळ केली. प्रोसेसर वाचला आणि नंतर विकताही आला. एएम5 मध्ये पिना बोर्डाच्या सॉकेटमध्ये असतात. तिथे बोट लावायचं नाही, आणि सॉकेटवरचं प्लास्टिकचं झाकण जपून ठेवायचं.

भाच्यासाठी शेवटी 7500एफ सोडून रायझन 5 7600 ठरवला, कारण 7500एफमध्ये नसलेलं थोडं ग्राफिक्स 7600 च्या आतच आहे. कार्डाची ओळ यादीत रिकामी आहे. दिवाळीपर्यंत तो पैसे साठवेल, तोवर हलके गेम त्यावर चालतील.